छळछावणीतला पहारेकरी माफी मागायला समोर आला, तेव्हा घड्याळजी कोरी टेन बूमने काय केलं?

साल १९४७. जर्मनीतलं म्युनिक शहर. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती, पण शहराचा बराच भाग अजून ढिगाऱ्यात होता. एका चर्चच्या तळघरात पंचावन्न वर्षांची एक डच बाई भाषण संपवून उभी होती. विषय होता क्षमा. ऐकायला आलेले जर्मन लोक काही न बोलता उठले, कोट चढवले आणि दाराकडे निघाले.

तेवढ्यात गर्दीच्या उलट दिशेने एक माणूस तिच्याकडे आला. जाडजूड, टक्कल पडत चाललेला, अंगात राखाडी ओव्हरकोट, हातात टोपी.

तिने त्याला एका क्षणात ओळखलं. त्याच्या कोटाच्या जागी तिला गणवेश दिसला आणि टोपीच्या जागी कवटीचं चिन्ह असलेली एसएसची टोपी. राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत ज्या दालनात बायकांना अंगावरचे सगळे कपडे उतरवून पुढे चालायला लावायचे, तिथे हा पहाऱ्याला असायचा. ती त्याच्यासमोरून तशीच गेली होती. तिच्या पुढे तिची थोरली बहीण होती, हाडं मोजता येतील इतकी वाळलेली. ती बहीण त्याच छावणीत मेली.

त्याने मात्र हिला ओळखलं नव्हतं. भाषणात राव्हेन्सब्रुकचं नाव निघालं म्हणून तो आला होता. आपण तिथे गार्ड होतो, नंतर ख्रिस्ती झालो, देवाने आपल्याला माफ केलंय असं आपण मानतो, पण तिथल्या एखाद्या बाईच्या तोंडूनही ते ऐकायचंय, असं त्याने सांगितलं. आणि हात पुढे केला.

हजारो माणसांना क्षमेवर भाषण देणारी ही बाई तिथे पर्स चाचपत उभी राहिली. तिचा हात काही उठेना.

या बाईचं नाव कोरी टेन बूम. ॲन फ्रँक आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहिती असते. ती जिथे लपली होती त्या ॲमस्टरडॅमपासून हार्लेम हे गाव जेमतेम वीस किलोमीटरवर. तिथली ही घड्याळजीची मुलगी. जगभरच्या ख्रिस्ती घरांमध्ये तिची गोष्ट सांगितली जाते, आपल्याकडे मात्र तिचं नाव फारसं कुणी घेत नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

कोरीचा जन्म १५ एप्रिल १८९२ चा. हार्लेमच्या बार्टेलयोरिसस्ट्राट नावाच्या गल्लीत टेन बूम कुटुंबाचं घड्याळांचं दुकान होतं. आजोबांनी १८३७ साली ते टाकलेलं. खाली दुकान, वर घर. वडील कॅस्पर म्हणजे गावातलं नावाजलेलं प्रस्थ. घड्याळ दुरुस्त करण्यात हात असा की लोक लांबून यायचे, आणि व्यवहारात इतके भोळे की बिल पाठवायचंच विसरायचे.

चार भावंडं. थोरली बेत्सी, मग विलेम, मग नोली आणि शेंडेफळ कोरी. विलेम पाद्री झाला, नोलीचं लग्न झालं. बेत्सीची तब्येत लहानपणापासून नाजूक, त्यामुळे तिने घर सांभाळलं. कोरीचं तरुणपणी एका मुलावर प्रेम होतं, पण त्याच्या घरच्यांना पैसेवाली सून हवी होती. एक दिवस तो होणाऱ्या बायकोलाच घेऊन यांच्या घरी आला. कोरीने पुन्हा लग्नाचा विचार केला नाही. वडिलांशेजारी बसून ती घड्याळं उघडायला शिकली, आणि १९२२ मध्ये परवाना मिळवणारी नेदरलँड्समधली पहिली स्त्री घड्याळजी झाली.

घर धार्मिक होतं, पण सोवळं नव्हतं. रोज सकाळी आणि रात्री बायबलचं वाचन. दार सगळ्यांना उघडं. आईबाप दूर असलेली किंवा नसलेली मुलं तिथे वाढली. आजोबांनी १८४४ पासून ज्यू लोकांसाठी प्रार्थनेची बैठक सुरू केली होती, असं हे कुटुंब सांगायचं. हे वर्ष लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मे १९४० मध्ये हिटलरच्या फौजा हॉलंडमध्ये घुसल्या आणि पाच दिवसांत देश पडला. मग जे बाकीच्या युरोपात झालं तेच इथे. आधी ज्यूंच्या दुकानांवर पाट्या, मग कपड्यांवर पिवळा तारा, मग रात्रीतून गायब होणारी कुटुंबं.

१९४२ च्या मे महिन्यात एक ज्यू बाई हातात सुटकेस घेऊन टेन बूमांच्या दारात उभी राहिली. वडिलांनी तिला आत घेतलं. दोन दिवसांनी आणखी दोघं आली. असं करत करत पन्नाशीची, आयुष्यात कधी कायदा न मोडलेली कोरी एका भूमिगत जाळ्याची प्रमुख होऊन बसली. गंमत म्हणजे पोलीस ठाणं तिथून काही पावलांवर.

सगळ्यात मोठी अडचण होती रेशन कार्डांची. अन्न कार्डावरच मिळायचं आणि ज्यूंना कार्ड नव्हतं. रेशन कचेरीत काम करणारा एक गृहस्थ कोरीच्या ओळखीचा. त्याची मतिमंद मुलगी कोरी घेत असलेल्या प्रार्थनासभेला यायची. पाच कार्डं मागायची असं ठरवून कोरी त्याच्याकडे गेली, आणि किती हवीत असं त्याने विचारल्यावर तिच्या तोंडून आकडा निघाला शंभर. त्या माणसाने कचेरीवर खोटा दरोडा घडवून आणला, खरा वाटावा म्हणून मित्राकडून स्वतःला बदडून घेतलं, आणि शंभर कार्डं पोचवली.

मग घरात लपायची जागा बांधली गेली. सगळ्यात वरच्या मजल्यावर कोरीची झोपायची खोली होती. तिच्या मागच्या भिंतीपुढे विटांची आणखी एक भिंत उभी केली. दोन्हींच्या मध्ये साधारण अडीच फुटांची पोकळी. अवजारं आणि सामान ब्रीफकेसमधून आणि गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांतून आणलेलं, कुणाला संशय नको म्हणून. आत जायचा रस्ता कपाटाच्या खालच्या खणातून, तोही रांगत. घंटी वाजली की ताटं, अंथरुणं, सिगारेटची राख, सगळं आवरून सत्तर सेकंदांत आत, असा सराव त्यांनी करून ठेवला होता.

२८ फेब्रुवारी १९४४. कोरी तापाने अंथरुणात. सकाळी दुकानात एक अनोळखी माणूस आला. ज्यूंना लपवल्याबद्दल आपल्या बायकोला पकडलंय, पोलिसाला लाच द्यायला सहाशे गिल्डर हवेत, अशी त्याची कहाणी. त्याचं नजर चुकवणं कोरीला खटकलं, पण खरं असलं तर एका बाईचा जीव जाईल, म्हणून तिने पैशांची सोय केली.

तो खबऱ्या होता. काही वेळातच गेस्टापोची धाड पडली.

घरात सहा जण भिंतीमागे पोचले. चार ज्यू आणि दोघं भूमिगत कार्यकर्ते. कोरीला आणि बेत्सीला मारहाण झाली, घर ठोकून ठोकून तपासलं, पण ती भिंत काही सापडली नाही. दिवसभरात जो जो माणूस दार वाजवत आला तो पकडला गेला, जवळपास तीस जण. भिंतीमागचे सहा जण मात्र दोन दिवस उभ्याने, अन्नपाण्याशिवाय राहून सुटले. चार ज्यूंपैकी तिघं युद्धातून वाचले.

आता ते वर्ष आठवा. १८४४ ते १९४४. बरोबर शंभर वर्षं.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या कॅस्परना बघून अधिकाऱ्यालाही संकोच वाटला. पुन्हा भानगडीत पडणार नाही एवढं कबूल करा आणि घरी जा, अशी सवलत त्याने देऊ केली. घरी गेलो तर दार वाजवणाऱ्या कुणालाही उद्या पुन्हा आत घेईन, असं म्हाताऱ्याने सांगितलं. दहाव्या दिवशी ते कैदेतच गेले. कोरीला हे कळलं ते बऱ्याच दिवसांनी, नोलीच्या पत्रातून. ती तेव्हा एकटीच्या कोठडीत होती.

जूनमध्ये दोघी बहिणींची गाठ पडली आणि त्यांना फ्यूख्तच्या छावणीत नेलं. कोरीच्या आयुष्यातला खरा पेच इथे सुरू होतो, म्हणून जरा थांबू.

फ्यूख्तमध्ये त्यांना खबऱ्याचं नाव कळलं. नाव कळल्यावर राग धरायला माणूस मिळतो. कोरीला झोप येईना, प्रार्थना करता येईना. तो समोर आला तर आपण त्याला ठार मारू याची तिला खात्री होती. वडील गेले होते, घर गेलं होतं, आणि त्याने हे सहाशे गिल्डरच्या थापेवर केलं होतं. शेजारी बेत्सी शांत झोपायची. शेवटी न राहवून कोरीने तिला विचारलं, तुला त्याचा राग नाही येत? बेत्सी म्हणाली की ती रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, त्याच्या मनाची काय अवस्था असेल या विचाराने तिला वाईट वाटतं.

कोरी त्या रात्री अंधारात पडून राहिली आणि तिला जे जाणवलं ते फार अवघड होतं. मनात त्याचा खून ती रोज करत होती. म्हणजे तिच्या स्वतःच्या धर्माच्या हिशेबाने दोघं एकाच पिंजऱ्यात उभे होते.

हा हिशेब कुठला? मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, हे त्यातलं वाक्य आपल्याला गांधीजींमुळे माहिती असतं, आणि बऱ्याचदा चेष्टेत वापरलं जातं. पण त्याच्या आसपास जे आहे ते जास्त चक्रावणारं आहे. खून करू नका ही जुनी आज्ञा येशू मनातल्या रागापर्यंत नेतो. अंगरखा मागणाऱ्याला वरचं वस्त्रही द्यायला सांगतो. सक्तीने एक मैल चालवणाऱ्याबरोबर दोन मैल जायला सांगतो. हे शेवटचं ऐकणाऱ्यांना चांगलंच झोंबलं असणार, कारण त्या काळी रोमन शिपाई रस्त्यावरच्या कुणालाही धरून ओझं वाहायला लावू शकत. थोडक्यात, सूड न घेणं एवढ्यावर हे थांबत नाही. वाईट करणाऱ्याला त्याच्या लायकीपेक्षा जास्त द्या, असं ते आहे.

त्याच पुस्तकात पुढे एका चाकराची गोष्ट येते. त्याचं राजाला देणं असतं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. करा हिशेब. सात जन्मांत न फिटणारं कर्ज राजा माफ करतो. चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनार बुडवणाऱ्या सोबत्याची गचांडी धरतो. राजाला कळतं तेव्हा त्याची माफी रद्द होते. ख्रिस्ती माणूस रोज जी प्रभूची प्रार्थना म्हणतो, तिच्यातही हीच अट दडलेली आहे. आम्हाला माफ कर, जसं आम्ही इतरांना केलं.

कोरी हे लहानपणापासून रोज म्हणत आली होती. फ्यूख्तच्या त्या रात्री तिने खबऱ्याला मनातून माफ केलं आणि बऱ्याच दिवसांनी तिला झोप लागली.

सप्टेंबर १९४४ मध्ये दोघींना बर्लिनच्या उत्तरेला असलेल्या राव्हेन्सब्रुकला हलवलं. बायकांची छळछावणी. चारशे जणींसाठी बांधलेल्या बराकीत चौदाशे जणी, आणि अंथरुणात पिसवा. सगळ्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानायचे म्हणून बेत्सीने पिसवांबद्दलही मानले. कोरीला हे फारच झालं असं वाटलं. वाचताना मलाही वाटलं होतं. पुढे लक्षात आलं की पिसवांना घाबरूनच पहारेकरी आत पाऊल टाकत नव्हते, आणि त्यामुळेच चोरून आणलेल्या बायबलचं वाचन बराकीत रोज होऊ शकत होतं. एक बाई डचमधून जर्मनमध्ये सांगायची, मग ते फ्रेंच, पोलिश, रशियन असं पुढे पुढे जायचं.

कामावर एकदा पहारेकरणीने बेत्सीला चाबकाने मारलं. कोरी फावडं घेऊन तिच्या अंगावर धावणार, तेवढ्यात बेत्सीने तिला अडवलं आणि रक्त आलेल्या जागेवर हात ठेवला, बहिणीला जखम दिसू नये म्हणून.

बेत्सी शेवटच्या दिवसांत वेगळंच बोलायला लागली होती. युद्ध संपल्यावर एक मोठं घर घ्यायचं, त्यात छावण्यांतून सुटलेल्या माणसांना ठेवायचं, त्यांच्यासाठी बाग करायची. आणि जर्मनीतली अशीच एखादी छावणी घ्यायची, तिच्या बराकींना हिरवा रंग द्यायचा, खिडक्यांत फुलझाडं लावायची. ती कुणासाठी? ज्यांना द्वेष करायला शिकवलं गेलं त्यांच्यासाठी. कोरीच्या डोक्यात कैदी होते, बेत्सीच्या डोक्यात पहारेकरीही होते.

१६ डिसेंबर १९४४ ला बेत्सी गेली. वय ५९. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कोरीला सोडण्यात आलं. नंतर तिला समजलं की ती सुटका कारकुनी चुकीने झाली होती, आणि तिच्या वयाच्या बायकांना पुढच्याच काही दिवसांत गॅस चेंबरमध्ये पाठवलं गेलं.

मे १९४५ मध्ये हॉलंड मुक्त झाला. आता द्वेषाची पाळी डच लोकांची होती. नाझींना साथ देणाऱ्यांना घरांतून हाकललं जात होतं, त्यांच्या बायकांचे केस भर रस्त्यात भादरले जात होते. याच काळात ब्लूमेनडालमधल्या एका श्रीमंत विधवेने आपला छप्पन्न खोल्यांचा वाडा कोरीला वापरायला दिला. छावण्यांतून आलेली, वर्षानुवर्षं माळ्यांवर लपलेली माणसं तिथे राहायला आली.

कोरीने आधी फितुरांनाही तिथेच ठेवून पाहिलं. जमलं नाही, भांडणं पेटली. मग तिने काय केलं, तर हार्लेमचं आपलं वडिलोपार्जित घर, जिथे ज्यू लपले होते आणि जिथून वडिलांना नेलं होतं, ते या फितुरांना राहायला दिलं. या माणसांना तेव्हा कुणी दारात उभं करत नव्हतं. वाड्यातल्या लोकांना तिने माफ करा असं सांगितलं नाही, बागेत काम दिलं. काही महिन्यांनी कुणीतरी आपण होऊन विचारायचं, त्या घरातल्या लोकांना आपली गाजरं पाठवायची का? अशी एखादी विचारणा आली की कोरीला कळायचं, हा माणूस आता बरा होतोय.

खबऱ्यालाही तिने जून १९४५ मध्ये पत्र लिहिलं. त्याच्यामुळे कोण कोण गेलं ते स्पष्ट लिहिलं, आणि माफ केल्याचंही लिहिलं. त्याला देहदंडाची शिक्षा झाली. कोरीच्या क्षमेने ती थांबली नाही आणि ती थांबवावी असा तिचा आग्रहही नव्हता. क्षमा आणि न्याय या दोन वेगळ्या फायली आहेत, हे सोशल मीडियावरच्या वादांत नेहमी विसरलं जातं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. छावण्यांतून वाचलेल्या सायमन विझेन्थालने आपल्या ‘द सनफ्लॉवर’ या पुस्तकात असाच प्रसंग सांगितलाय. मरणासन्न एसएस जवानाने एका ज्यूकडून म्हणून त्याच्याकडे माफी मागितली. विझेन्थाल काही न बोलता खोलीबाहेर पडला. मेलेल्यांच्या वतीने माफ करायचा हक्क आपल्याला कुणी दिला, हा त्याचा प्रश्न. कोरीलाही तो लागू होतो. ती स्वतःच्या वाट्याचं माफ करू शकत होती. साठ लाखांच्या वतीने नाही, आणि तसा दावा तिने केलाही नाही.

आता परत म्युनिकला.

तो हात पुढे करून उभा होता. काही सेकंदच असतील, पण तिला ते तासांसारखे वाटले. मनात प्रेम नव्हतं, दयाही नव्हती. तिला एवढंच सुचलं की क्षमा ही भावना असेल तर आज जमणार नाही, पण निर्णय असेल तर हात उचलता येईल. तिने मनातल्या मनात मदत मागितली आणि लाकडासारखा हात पुढे केला. तिच्या सांगण्यानुसार खांद्यातून काहीतरी ऊब हातात उतरली आणि तिला रडू आलं. पूर्वीची कैदी आणि पूर्वीचा गार्ड बराच वेळ हात धरून उभे राहिले.

बहुतेक लोक तिची गोष्ट इथेच संपवतात. पण पुढचं मला जास्त जवळचं वाटतं, आणि तेही तिने स्वतःच सांगून ठेवलंय.

बेत्सीचं दुसरं स्वप्नही पूर्ण झालं. डार्मस्टाटमधली एक जुनी छावणी निर्वासितांसाठी उघडली गेली. कोरी साठहून जास्त देश फिरली. गार्डला माफ केलेली बाई म्हणून नाव झालं. आणि मग ख्रिस्ती मित्रांनीच तिला एका प्रकरणात दुखावलं. ते तिला काही केल्या विसरता येईना. रात्री जाग यायची, तेच प्रसंग डोक्यात घोळायचे. एका पाद्र्याने तिला चर्चच्या घंटेची उपमा दिली. दोर सोडला तरी घंटा काही वेळ वाजत राहते, आवाज हळूहळू कमी होतो. तू दोर सोडलास ना, मग वाजू दे.

बऱ्याच वर्षांनी ती एका मित्राला सांगत होती की त्या लोकांना आपण केव्हाच माफ केलं. ते आपली चूक मान्य करत नाहीत, पण माझ्याकडे त्यांची पत्रं पुरावा म्हणून जपून ठेवलेली आहेत, असंही तिने जोडलं. मित्राने फक्त विचारलं, जपून कशाला ठेवलीस? कोरीने पत्रांचा गठ्ठा काढला आणि जाळून टाकला. गार्डला माफ करायला काही सेकंद लागले होते, मित्रांना वर्षं लागली.

१९६७ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने ज्यूंना वाचवल्याबद्दल तिचा सन्मान केला. १९७१ मध्ये ‘द हायडिंग प्लेस’ हे तिचं आत्मकथन आलं, १९७५ मध्ये त्यावर सिनेमा निघाला. ती पुढे कॅलिफोर्नियात राहिली. १९७८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि आयुष्यभर बोलत फिरलेल्या बाईची वाचा गेली. १५ एप्रिल १९८३ ला, ९१ व्या वाढदिवशीच, ती गेली.

हार्लेमचं ते घर आता संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर त्या विटांच्या भिंतीला एक मोठं भोक पाडलंय, म्हणजे आत कसं उभं राहावं लागत होतं ते बाहेरून बघता येतं. सहा माणसं त्यात कशी मावली असतील, हा प्रश्न बघणाऱ्या प्रत्येकाला पडतो.